मार्का : पाहताक्षणी ओळख पटवणाऱ्या कल्पक चिन्हांविषयी

शिरोरेषा (जळगाव)

राम राम मंडळी. गेल्या आठवड्यात एका डाळ मिलच्या गोदामात कामानिमित्त दोन तास थांबावे लागले. त्या दोन तासांत हमालांच्या तोंडून मिलचे नाव मी एकदाही ऐकले नाही. "मोरनी गोनी आठे ठेव", "कमळ खाले, मोर वर" असाच सगळा व्यवहार चालला होता. आपल्याकडे माल मार्क्याने ओळखला जातो. 'ब्रँड' हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधीपासून खानदेशातल्या बाजारपेठांत मार्का हा शब्द आहे, आणि माझ्या मते तो अधिक नेमका आहे, कारण त्यात ओळख आणि खूण या दोन्ही गोष्टी येतात.

त्या गोणीवरचा मोर मी जवळून पाहिला. तो पत्र्याच्या छाप्याने उमटवलेला होता. ज्यांनी हे काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. पातळ पत्र्यातून आकृती कापून काढतात, तो पत्रा गोणीवर धरतात आणि शाईत बुडवलेला कुंचला त्यावरून फिरवतात. अडचण अशी असते की जिथे आकार चहूबाजूंनी बंद होतो, तिथे आतला पत्रा सुटून पडतो. 'व' अक्षर कापले तर त्याच्या पोटातला तुकडा हातात येतो आणि छापल्यावर 'व'च्या जागी शाईचा गोळा दिसतो. म्हणून कारागीर मध्ये पत्र्याची बारीक पट्टी राखतो आणि छापलेल्या अक्षरात तिथे फट राहते. बहुतेक छाप्यांत ही फट दोष म्हणूनच दिसते. या मोरात मात्र एक फट गळ्याशी होती, दुसरी पंखाच्या मुळाशी, आणि पिसाऱ्यात सात फटी अशा पसरल्या होत्या की प्रत्येक पीस त्यांच्यामुळेच वेगळे उठून दिसत होते. पट्ट्या काढून टाकल्या असत्या तर पत्रा कोलमडला असता, आणि मोरही राहिला नसता.

गेली अठरा वर्षे मी छपाई आणि मांडणीच्या व्यवसायात आहे, आणि तरीही त्या गोणीसमोर मी बराच वेळ उभा राहिलो. बोधचिन्हे, पाट्या, वेष्टने, खुणा यांतली अशी एखादी कल्पना, जी पाहून आपण थबकलात, ती कृपया इथे सविस्तर लिहावी. नुसते 'छान आहे' असे न लिहिता ती कशामुळे साधली आहे हेही सांगावे, एवढीच विनंती.

भुसावळचा गार्ड

शिरोरेषा भाऊ, विषय मनापासून आवडला. मी 31 वर्षे रेल्वेत काढली, त्यातली बहुतेक गाडीच्या शेवटच्या डब्यात. त्यामुळे माझे उदाहरण गाडीच्या शेपटाकडचेच आहे.

प्रवासी गाडीच्या शेवटच्या डब्याच्या पाठीवर पिवळ्या रंगाची मोठी फुली काढलेली असते. लहान मुले तिचा अर्थ विचारतात आणि मोठ्यांनाही पुष्कळदा तो सांगता येत नाही. गाडी स्टेशनातून निघून गेली की तिथल्या कर्मचाऱ्याने ती फुली पाहायची असते. फुली दिसली म्हणजे गाडी पूर्ण गेली, वाटेत एकही डबा सुटून मागे राहिला नाही, आणि मागच्या गाडीला मार्ग देता येतो. फुली दिसली नाही तर मागच्या रुळावर डबे उभे असण्याची शक्यता धरून तातडीने हालचाल करावी लागते. रात्री हेच काम शेवटच्या डब्यावरचा लाल दिवा करतो, आणि त्याच्या जोडीला 'एल व्ही' अक्षरांची, म्हणजे शेवटचे वाहन असे सांगणारी, लहान पाटी असते.

आता चिन्ह म्हणून तिचा विचार करावा. वेगाने दूर जाणाऱ्या वस्तूवर, धुळीत, पावसात, दोन-तीन सेकंदांत वाचता येईल असे काय काढाल? कोणतेही अक्षर अंतर वाढले की दुसऱ्या अक्षरासारखे दिसू लागते. दोन कोपऱ्यांतून निघून मध्यभागी छेदणाऱ्या रेषांचे तसे होत नाही. ती फुली डब्याची अख्खी पाठ व्यापते, त्यामुळे डबा दिसतो तोवर फुली दिसते.

आणखी एक गोष्ट माझ्या जिव्हाळ्याची आहे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी धावली. त्या घटनेला दीडशे वर्षे होत असल्याच्या निमित्ताने 2002 मध्ये रेल्वेने 'भोलू' हे शुभचिन्ह आणले, आणि ते अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनने तयार केले होते. भोलू म्हणजे गार्डचा गणवेश घातलेला, हातात हिरवा कंदील धरलेला हत्ती. एवढ्या अवाढव्य खात्याचा चेहरा म्हणून इंजिन निवडता आले असते, पण निवडला गेला तो गाडीच्या शेवटी उभा राहून 'सर्व ठीक, पुढे चला' असे सांगणारा माणूस. हत्तीमुळे अवजडपणा आणि विश्वास या दोन्ही गोष्टी न बोलता आल्या. 2022 पासून आमच्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण भोलूच्या हातातला कंदील पाहिला की मला गार्ड हाच शब्द आठवतो.

अमळनेरची लेक

काका, फुलीबद्दलचे आपले विवेचन वाचून खूप समाधान वाटले. मी आमच्या गावाचे उदाहरण देते.

29 डिसेंबर 1945 रोजी अमळनेरला 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड' ही कंपनी स्थापन झाली. तिचे वनस्पती तूप 'सनफ्लॉवर' या नावाने विकले जात असे, आणि जोडीला कपडे धुण्याचा साबण होता, त्याचे नाव '787'. हीच कंपनी आज विप्रो म्हणून जगाला माहीत आहे. 'वेस्टर्न इंडिया'मधला 'वि' आणि 'प्रॉडक्ट्स'मधला 'प्रो' घेऊन चार शब्दांचे लांबलचक नाव दोन अक्षरांवर आले. 'व्हेजिटेबल' गेले, म्हणजे कंपनी तुपापुरती राहिली नाही, आणि तरीही जुन्या नावाचा धागा तुटला नाही. नावे छोटी करण्याचे प्रयत्न मी पुष्कळ पाहिले आहेत. बहुतेक ठिकाणी आद्याक्षरांची निर्जीव रांग उरते आणि ती उच्चारताना जीभ अडखळते. इथे उच्चारता येईल असा नवा शब्द जन्माला आला.

मला त्याहूनही अधिक कौतुक '787'चे वाटते. साबण विकत घेणाऱ्या बायकांपैकी कितीजणींना तेव्हा वाचता येत असेल? मात्र पैशांचे आणि मापांचे आकडे रोजच्या व्यवहारामुळे अनेकींच्या परिचयाचे होते. शिवाय आकडा मराठीत, गुजरातीत, हिंदीत आपापल्या शब्दांत म्हणता येतो, त्याचे भाषांतर करावे लागत नाही. त्यात 787 हा आकडा मधल्या आठाच्या दोन्ही बाजूंना सारखाच आहे, डावीकडून वाचला काय किंवा उजवीकडून, तो बदलत नाही. वडीवर ठशाने उमटवायला याहून सोयीचे नाव सापडणे कठीण.

1998 मध्ये कंपनीने सप्तरंगी फुलाचे बोधचिन्ह घेतले. ते शोंबित सेनगुप्ता यांच्या देखरेखीखाली झाले होते. संगणक क्षेत्रातल्या कंपन्या तेव्हा निळ्या रंगात आणि कठोर भूमितीत रमलेल्या असताना इतके मोकळे, पाकळ्यापाकळ्यांचे फूल घेणे धाडसाचे होते. 2017 मध्ये ते बदलून ठिपक्यांचे वर्तुळाकार चिन्ह आले. नवे चिन्ह पडद्यावर सुरेख हलते हे मान्य, पण अमळनेरच्या माणसाला फुलामध्ये जे दिसत होते ते ठिपक्यांत दिसत नाही, आणि तो बदल मला आजही रुचलेला नाही.

चपटा ब्रश (धुळे)

ताई, '787'च्या दोन्ही बाजूंच्या सारखेपणाकडे माझे लक्ष कधीच गेले नव्हते. आभार.

माझे वडील पाट्या रंगवत असत, म्हणून मी देवनागरीविषयी लिहितो. इंग्रजी अक्षरांमध्ये लपवलेल्या आकृतींचे कौतुक सगळीकडे वाचायला मिळते, पण आपल्या लिपीत जी संधी आहे ती रोमन लिपीत नाही, आणि ती म्हणजे शिरोरेषा. वडील पाटी सुरू करताना आधी खडूची भुकटी लावलेली दोरी दोन टोकांना ताणून धरत आणि मधोमध चिमटीने उचलून सोडत. फटकन सरळ पांढरी रेघ उमटे आणि तिला धरून बाकीची अक्षरे लटकत. एका शिंप्याच्या दुकानासाठी त्यांनी 'शिलाई' हा शब्द लिहिला होता. 'ला'चा काना त्यांनी सुईसारखा निमुळता केला, वरच्या टोकाशी नेढे ठेवले, आणि शब्दाची शिरोरेषा त्या नेढ्यातून ओवून पुढे 'ई'वरून नेत शेवटी सैल सोडून दिली, दोरा खाली लोंबतो तशी. त्यात एकही जादा रेघ नव्हती. काना तिथे असायलाच हवा होता, शिरोरेषाही असायलाच हवी होती. त्या दुकानाला पुढे सगळा मोहल्ला सुईदोऱ्याचे दुकान म्हणू लागला, मालकाचे आडनाव मागे पडले.

अशी कल्पना आणि अक्षराच्या जागी वस्तू चिकटवणे यांत मी फार मोठा फरक मानतो. दातांच्या दवाखान्याच्या पाटीवर 'दंत'मधल्या 'द'ऐवजी दाढ काढतात आणि वाचणारा 'ंत' असे वाचून पुढे जातो. तिथे कल्पनेने अक्षराचा बळी घेतलेला असतो.

शिरोरेषेचा देशभर पोहोचलेला उपयोग म्हणजे रुपयाचे चिन्ह. 15 जुलै 2010 रोजी मंत्रिमंडळाने डी. उदय कुमार यांचा आराखडा मान्य केला. स्पर्धेत 3000 हून अधिक प्रवेशिका आल्या होत्या. ₹ मध्ये देवनागरी 'र' आहे, आणि उभा दांडा नसलेला रोमन 'आर'ही आहे. वरची रेघ शिरोरेषा आहे. तिच्याखाली दुसरी समांतर रेघ घातल्यामुळे बरोबरचे चिन्ह तयार होते आणि मधल्या मोकळ्या जागेसह तिरंग्याची आठवणही होते. डॉलर, पौंड, येन यांच्या चिन्हांत आडव्या-उभ्या रेघा असतातच, त्यामुळे परदेशी माणसालाही हे चलन आहे हे सांगावे लागत नाही. मी त्या दिवशी वडिलांना ते चिन्ह कागदावर काढून दाखवले. त्यांनी ब्रशने तीन फटक्यांत काढले आणि म्हणाले, हे पाटीवर बसेल. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी मी कधी ऐकली नव्हती.

केळीबाग (रावेर)

मी शेतकरी आहे, त्यामुळे एक चूक आणि तिची दुरुस्ती सांगतो.

जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भरिताच्या वांग्यालाही त्याच वर्षी मिळाले. मानांकन कागदावर मिळते, पण गिऱ्हाइकाच्या हातात केळ्यांची फणी असते आणि त्या फणीवर काही लिहिलेले नसते. आपल्या सालीवरून रावेरचे केळे कोणते आणि दुसरीकडचे कोणते हे शहरातल्या माणसाला कळणार कसे? अमेरिकेतल्या चिकिटा कंपनीने हा प्रश्न निळ्या स्टिकरने सोडवला. पिवळ्या सालीवर निळा रंग जितका उठतो तितका दुसरा कोणताही उठत नाही. त्यांची टोपलीभर फळे डोक्यावर घेतलेली केळीबाई 1944 मध्ये डिक ब्राउन या व्यंगचित्रकाराने काढली होती. फळांवरच्या स्टिकरवर जो आकडा असतो तोही पाहण्यासारखा आहे. साध्या पिवळ्या केळीसाठी 4011 आणि सेंद्रिय असेल तर पुढे 9 लावून 94011. एका आकड्याने माल कोणत्या जातीचा हे कळते आणि सुरुवातीच्या एका जादा आकड्याने तो कसा पिकवला हे कळते.

आता माझी चूक. आम्ही काही शेतकऱ्यांनी मिळून 13 किलोची पुठ्ठ्याची पेटी छापून घेतली. काम एका शहरातल्या जाहिरातसंस्थेकडे दिले होते. संगणकावर पेटी अतिशय देखणी दिसत होती, पुढच्या बाजूला शेतकऱ्याचा हसरा चेहरा होता. प्रत्यक्ष पेट्या आल्या तेव्हा हवेसाठी पाडलेली एक गोल खिडकी नेमकी त्या चेहऱ्याच्या डोळ्यावर आली होती आणि हात घालून उचलण्याची खाच कपाळातून गेली होती. केळी श्वास घेतात, खिडक्या बुजवता येत नाहीत, हे आम्ही सांगितले नाही आणि त्यांनी विचारले नाही. सगळ्या पेट्या तशाच वापरल्या, आणि त्या वर्षी पेटी उचलताना दरवेळी मला वाईट वाटत असे.

पुढच्या वर्षी आमच्या गावातल्याच एका मुलीने उपाय सुचवला. उचलण्याची खाच सरळ आयताकृती कापण्याऐवजी तिने ती केळीच्या आकाराची केली, किंचित वाकलेली, देठासकट. पेटी रिकामी असली की आतून अंधारे केळे दिसते आणि भरलेली असली की त्याच खाचेतून खऱ्या केळीचा पिवळा-हिरवा रंग दिसतो. वाकलेल्या खाचेत चार बोटे सरळ खाचेपेक्षा अधिक नीट बसतात, हे हमालांनी आपणहून सांगितले. छपाईचा एकही रंग वाढला नाही, फक्त कापण्याचा साचा बदलला.

चाळीसगाव_विद्यार्थी

सर्वांना नमस्कार. मी उपयोजित कलेचा अभ्यास करतो. केळीच्या आकाराची खाच वाचून माझी एक शंका अधिकच पक्की झाली, म्हणून विचारतो. आम्हाला वर्गात फेडएक्स या पार्सल पोहोचवणाऱ्या कंपनीचे बोधचिन्ह आदर्श म्हणून शिकवतात. 1994 मध्ये लँडॉर असोसिएट्स या संस्थेत काम करणाऱ्या लिंडन लीडर यांनी ते केले. त्यातल्या 'ई' आणि 'एक्स' या दोन अक्षरांमधल्या पांढऱ्या जागेत उजवीकडे जाणारा बाण तयार होतो. उपलब्ध अक्षरवळणांत तो बाण नीट बसत नव्हता, म्हणून त्यांनी युनिव्हर्स आणि फ्युचरा या दोन वळणांचे गुण एकत्र केले आणि अक्षरे नव्याने घडवली. पण तो बाण पुष्कळांना कधीच दिसत नाही. मग जे दिसतच नाही त्याचा उपयोग काय? भुसावळच्या काकांची फुली दिसली नाही तर अपघात होईल, फेडएक्सचा बाण दिसला नाही तर पार्सल तरीही पोहोचेल.

चपटा ब्रश (धुळे)

शंका योग्य आहे. माझे उत्तर असे की त्या बाणाचे काम तो दिसण्यापूर्वीच सुरू झालेले असते. 'ई' आणि 'एक्स' यांची उंची, जाडी आणि अंतर एकमेकांना अनुरूप करावे लागले, आणि त्यामुळे तो शब्द एकसंध, घट्ट आणि पुढे झुकलेला वाटतो. ज्याला बाण दिसत नाही त्यालाही तो घट्टपणा जाणवतो. ज्याला दिसतो त्याला तो पुन्हा कधी न दिसल्यासारखा करता येत नाही. ही दोन वेगवेगळी देणी आहेत.

आणि चाळीसगावचे असाल तर आपल्या गावातच मोठे उदाहरण आहे. केकी मूस यांनी इंग्लंडमधल्या शेफिल्डला व्यावसायिक कलेचे शिक्षण घेतले आणि 1989 मध्ये निधन होईपर्यंत चाळीसगावच्या घरात राहून काम केले. त्यांची टेबल-टॉप छायाचित्रे जरूर पाहावीत. टेबलावर मांडलेल्या घरगुती वस्तूंतून त्यांनी अख्खी निसर्गदृश्ये उभी केली. हाताशी जे आहे त्यातून जे नाही ते दाखवायचे, ही बोधचिन्ह करणाऱ्याचीच विद्या आहे.

सातपुडा (नंदुरबार)

मी अक्कलकुवा तालुक्यात शिक्षिका होते. विद्यार्थ्याच्या शंकेला माझेही एक उत्तर आहे, पण ते दुसऱ्या टोकाकडून येते. दिसण्यावर सर्व काही अवलंबून असलेली चिन्हे आपल्या देशाने केली आहेत, आणि त्यांच्याकडे आपण कलाकृती म्हणून पाहतच नाही.

1951 च्या जनगणनेत देशातील साक्षरता 18.33 टक्के होती आणि त्याच सुमारास, 1951-52 मध्ये, पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. ज्याला नाव वाचता येत नाही त्याने मत कोणाला द्यायचे हे कसे ठरवायचे? प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी ठेवली गेली आणि तिच्यावर त्याचे चिन्ह लावले गेले. मतदाराने आपली मतपत्रिका त्या पेटीत टाकायची. पुढे सर्व चिन्हे एकाच मतपत्रिकेवर आली. निवडणूक आयोगात एम. एस. सेठी नावाचे आरेखक होते, ते 1992 मध्ये निवृत्त झाले. मेज, कपबशी, शिट्टी, पतंग अशी रोजच्या वापरातील वस्तूंची कितीतरी चिन्हे त्यांनी पेन्सिलीने रेखाटली. त्या रेखाटनांत सौंदर्य दाखवण्याचा प्रयत्न नाही. कपबशी ही कपबशीच दिसली पाहिजे, आणि हलक्या कागदावर अंगठ्याएवढ्या चौकटीत छापली तरी ती शेजारच्या घागरीसारखी दिसता कामा नये.

माझी आजी पाड्यावरून चालत जाऊन मत देऊन येत असे. तिला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते, पण चिन्हांची यादी ती न चुकता म्हणून दाखवी.

अमळनेरची लेक

सातपुडाताई, आजींचे वाचून डोळ्यांत पाणी आले. आपल्या यादीत कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाचाही समावेश करावासा वाटतो. टोक खाली असलेला तो त्रिकोण दवाखान्याच्या भिंतीवर दिसला की कोणाला काही विचारण्याचा संकोच करावा लागत नसे. ज्या विषयाचा उच्चार घरातही होत नव्हता, त्याला बोलावे न लागणारे चिन्ह मिळाले.

भारतीय स्टेट बँकेच्या चिन्हाबद्दल अजून कोणी लिहिले नाही याचे आश्चर्य वाटते. 1971 मध्ये नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनच्या शेखर कामत यांनी ते केले. निळे वर्तुळ, मध्ये लहान गोल, आणि तिथून खालच्या कडेपर्यंत उतरणारी सरळ फट. कुलपाची चावी जिथे फिरते ते छिद्र मला त्यात दिसते. माझ्या वडिलांना त्यात मोठ्या घराच्या मध्यभागी उभा असलेला एकटा माणूस दिसतो.

शिरोरेषा (जळगाव)

आपण सर्वांनी इतक्या मनापासून लिहिलेत की मला पुन्हा त्या गोदामात जावेसे वाटले. काल गेलो आणि मोराचा छापा कापणाऱ्या कारागिराचा पत्ता मिळवून त्यांच्या घरीही जाऊन आलो. वय 70 च्या पुढे आहे. मोराच्या पिसाऱ्यातल्या सात पट्ट्या तिथेच का ठेवल्या, असे विचारल्यावर त्यांनी जुना पत्रा काढून माझ्या हातात दिला. कुंचला डावीकडून उजवीकडे फिरतो आणि पत्र्याची मोकळी टोके उचलतो. जिथे टोक उचलले जाते तिथे शाई खाली शिरते आणि पीस फाटल्यासारखे दिसते. म्हणून जिथे जिथे टोक उचलले गेले, तिथे तिथे त्यांनी पुढच्या पत्र्यात पट्टी ठेवली. पहिल्या छाप्यात तीन पट्ट्या होत्या. सात व्हायला चार पत्रे वाया गेले.

अमळनेरच्या ताईंचा प्रतिसाद मी तिथे बसूनच वाचला होता, म्हणून मी बँकेचे चिन्ह त्यांना दाखवले. त्यांच्या खिशातल्या पासबुकावर ते होतेच, पण त्यांनी त्याकडे कधी कारागिराच्या नजरेने पाहिले नव्हते. पासबुक डोळ्यांजवळ धरून ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग नखाने ती फट खालून वर रेखत म्हणाले, "याले पट्टी लागत नही. ती फटच पट्टी शे."

मला उलगडा व्हायला क्षणभर लागला. मधला गोल जर वर्तुळात पूर्ण बंद असता तर छाप्यातून तो सुटून पडला असता. खालच्या कडेपर्यंत आलेल्या फटीमुळे तो बाहेरच्या पत्र्याला जोडलेला राहतो, जिभेसारखा. मी हे चिन्ह गेली चाळीस वर्षे पाहत आलो आहे. त्यांनी कोपऱ्यातला एक पत्र्याचा तुकडा उचलला, कर्कटकाने वर्तुळ आखले आणि छिन्नीने दहा मिनिटांत ते कापून दिले. ते आता माझ्या टेबलावर आहे, आणि आतला गोल जागच्या जागी आहे.